सर्क्युलर पोलराइज्ड ओलेड: जी फॅक्टर मोजताना या चुका टाळा

ओलेडमधून (वीज दिली की चमकणाऱ्या ऑरगॅनिक थरांच्या डिव्हाइसमधून) थेट सर्क्युलर पोलराइज्ड, म्हणजे डावीकडे किंवा उजवीकडे गोल फिरत जाणारा प्रकाश काढायचा म्हटलं की सगळं येऊन थांबतं जी फॅक्टरवर, म्हणजे डाव्या प्रकाशाची तीव्रता वजा उजव्याची, भागिले दोघांची सरासरी, जास्तीत जास्त 2. साध्या कायरल (आरशातल्या प्रतिमेशी न जुळणाऱ्या) ऑरगॅनिक रेणूंचा हा आकडा बऱ्याचदा 0.001 च्या आसपास असतो, त्यामुळे एकदम 0.3 दिसला तर लगेच खूश होऊ नका, आधी सॅम्पल पालथं घालून परत मोजा. चिन्ह बदललं किंवा आकडा धाडकन पडला तर तो सिग्नल निव्वळ रेणूचा नाही, स्पिन-कोट करताना (द्रावण फिरत्या काचेवर पसरवताना) किंवा तापवताना फिल्मने एक दिशा धरली आणि त्यातून लिनियर पोलरायझेशन (एकाच रेषेत हलणारा प्रकाश) नि बायरिफ्रिन्जन्स (दिशेप्रमाणे प्रकाशाचा वेग बदलणं) मध्ये घुसले. आणि दोन्ही एनॅन्शिओमर, म्हणजे रेणूची एकमेकांच्या आरशातली दोन्ही रूपं, मोजाच! ग्राफ एकमेकांच्या बरोब्बर उलटे आले पाहिजेत, रेसिमिकचा (दोन्हींच्या समसमान मिश्रणाचा) शून्यावर. एकाच एनॅन्शिओमरवर काढलेल्या निष्कर्षावर माझा तरी विश्वास बसत नाही.

दुसरी चूक फारच कॉमन आहे, आधी डावा स्पेक्ट्रम घ्यायचा मग सावकाश उजवा, आणि तेवढ्यात डिव्हाइसची ब्राइटनेस 1 टक्का उतरते, की झाला 0.01 चा खोटा जी तयार, जो खऱ्यापेक्षा दहापट असू शकतो. डावा-उजवा-उजवा-डावा असं आलटून पालटून घ्या, नाहीतर डावा-उजवा झपाट्याने बदलून देणारा फोटोइलॅस्टिक मॉड्युलेटर वापरा. क्वार्टर-वेव्ह प्लेट (गोल फिरणाऱ्या प्रकाशाला सरळ रेषेतला करणारी) कुठल्या वेव्हलेंग्थची आहे तेही बघा, 550 नॅनोमीटरची प्लेट लाल प्रकाशाला पूर्ण पाव लहर देत नाही.

आता सगळ्यात जास्त डोकं खाणारा प्रॉब्लेम: काचेवरच्या फिल्मचा जी मस्त येतो आणि डिव्हाइस केलं की निम्मा पण उरत नाही. इथे लोक रेणू बदलत बसतात, पण बऱ्याचदा कारण असतं मागचा ॲल्युमिनियम कॅथोड (ऋण इलेक्ट्रोड). मागे गेलेला प्रकाश त्यावर आपटून पुढे येतो तेव्हा त्याचं फिरणं उलटं झालेलं असतं, मग पुढच्या प्रकाशातून तो वजा होतो. इटलीतल्या पिसाच्या ग्रुपने युरोपियम धातूच्या कायरल कॉम्प्लेक्सच्या ओलेडवर 2015 ला बराच मोठा जी मिळवला, आणि पुढच्या कामात कॅथोडची जाडी आणि रिकॉम्बिनेशन झोन (इलेक्ट्रॉन आणि होल भेटून प्रकाश तयार होतो ती जागा) कुठे आहे याने किती फरक पडतो हेही दाखवलं. म्हणून रेणूला दोष द्यायच्या आधी एक डिव्हाइस पातळ, अर्धपारदर्शक कॅथोडचं करून दोन्ही बाजूंनी मोजा.

कोलेस्टेरिक (थरागणिक वळत जाणारी) रचना करणारं पॉलिमर असेल तर जाडीप्रमाणे जी बदलतो, त्यामुळे जाडी न लिहिता नुसता जी लिहून ठेवू नका, तुलनाच करता येत नाही.