पाडलेल्या वाड्याचा माग कसा काढावा : पुण्याच्या पेठांपुरती एक पद्धत

पुण्याच्या जुन्या पेठांत सहा मजली इमारतीच्या पाटीवर एखाद्या सरदाराचे किंवा सावकाराचे आडनाव आणि पुढे 'वाडा' हा शब्द अनेकदा दिसतो. आत मात्र वाहनतळ, लिफ्ट आणि टपालपेट्यांची रांग असते. येथे पूर्वी काय होते, ते कधी गेले आणि कशामुळे गेले, हे कागदाच्या आधाराने लावता येते. त्यासाठी इतिहासाची पदवी लागत नाही, मात्र चिकाटी लागते, आणि पहिली शिस्त ही की एका वेळी एकच मिळकत घ्यावी. अख्ख्या पेठेचा इतिहास लिहायला निघालेला माणूस बहुधा तिसऱ्या महिन्यात थांबतो.

बहुतेक जण जुन्या छायाचित्रांपासून सुरुवात करतात. माझ्या मते ती सर्वांत शेवटी पाहावीत, कारण छायाचित्राखालची ओळ पुष्कळदा चुकीची असते आणि एकदा डोक्यात बसलेले चित्र पुढचा प्रत्येक कागद आपल्याकडे ओढून घेते. सुरुवात स्थळनामांपासून करावी. इमारत पडली तरी नाव सहसा पडत नाही. शनिवारवाड्याच्या पटांगणातील मारुतीला बटाट्या मारुती म्हणतात, कारण मंडई होण्यापूर्वी भाजीबाजार या पटांगणात भरत असे आणि बटाटेवाले त्या देवळापाशी बसत. १८८६ मध्ये शुक्रवार पेठेत रे मार्केट सुरू झाले आणि बाजार तिकडे गेला. मारुतीचे नाव तेवढे मागे राहिले. (नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी या मंडईवरील खर्चाला विरोध केला होता. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.) अप्पा बळवंत चौकाचे नाव तेथे वाडा असलेल्या अप्पा बळवंत मेहेंदळे यांच्यावरून पडले, आता तिथे पुस्तकांची दुकाने आहेत. फडके हौद, काळा हौद, साततोटी ही नावे कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने शहरात आणलेल्या पेशवेकालीन पाण्याची खूण सांगतात, आणि जिथे हौद होता तिथे जवळपास मोठी वस्ती व मोठे वाडे असणार, असा अंदाज बांधता येतो. मंडईजवळ आर्यन आणि मिनर्व्हा या चित्रपटगृहांची नावे महापालिकेच्या वाहनतळांना चिकटून राहिली आहेत. पत्त्यात 'बखळ' हा शब्द आला तर विशेष लक्ष द्यावे. घर पडून मोकळ्या राहिलेल्या जागेला बखळ म्हणतात, म्हणजे त्या पत्त्यातच एक पडझड नोंदलेली असते.

नावानंतर क्रमांक पाहावा, आणि येथे सर्वाधिक वेळ जातो, हे आधीच मान्य करावे. पेठेतील एका मिळकतीला किमान दोन क्रमांक असतात : पेठेचा घरक्रमांक आणि नगर भूमापनाचा, म्हणजे बोलीतला सिटी सर्व्हे नंबर. शिवाय घरक्रमांकही कालांतराने बदललेले असतात, त्यामुळे लग्नपत्रिकेवरचा किंवा जुन्या पोस्टकार्डावरचा '४१२ शनिवार' आजच्या ४१२ शी जुळेलच असे नाही. मी स्वतः एका वाड्याच्या शोधात दोन दिवस शेजारच्या मिळकतीचे कागद वाचत बसलो होतो. नकाशा उलगडल्यावर कळले की मधला बोळ ही दोन पेठांची हद्द होती आणि मी हद्दीच्या चुकीच्या बाजूला होतो. म्हणून आधी नगर भूमापन कार्यालयातून नकाशाचा उतारा घ्यावा, त्यावर जागा बोटाने दाखवता आली पाहिजे, आणि मगच मिळकत पत्रिका मागावी. मिळकत पत्रिकेत क्षेत्र, धारकांची नावे आणि फेरफार असतात. त्यामागची चौकशी नोंदवही पाहायला मिळाली तर हक्क कोणाकडून कोणाकडे आला, हे अधिक मागपर्यंत कळते. एका नावाच्या जागी चार भावांची नावे, पुढे त्यांच्या वारसांची अकरा, आणि त्यानंतर एकदम एखाद्या बांधकाम संस्थेचे किंवा गृहरचना संस्थेचे नाव, असा क्रम दिसला तर वाडा कधी पाडला गेला असावा, हे जवळजवळ तिथेच समजते. ती तारीख महापालिकेच्या मिळकतकर आकारणीतील बदलाशी ताडून पाहावी.

पेशवाईतील किंवा त्याआधीच्या कागदांपर्यंत जायचे असेल तर पेठांची जुनी नावे पाठ असलेली बरी. सोमवार म्हणजे शहापूर, रविवार म्हणजे मलकापूर, शुक्रवार म्हणजे विसापूर, शनिवार म्हणजे मुर्तजाबाद आणि गुरुवार म्हणजे वेताळ पेठ. ही नावे ठाऊक नसलेल्या वाचकाच्या हातून नेमका हवा तो कागद निसटतो. पुणे पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे, आणि १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातही मोठा संग्रह आहे. दोन्हीकडचे पेशवेकालीन कागद मुख्यतः मोडीत असल्याने स्वतः मोडी शिकावी किंवा जाणकाराची मदत घ्यावी. तारखांचे गणित मात्र स्वतःच करावे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण तिथी जानेवारी उजाडल्यानंतरच्या पौष, माघ किंवा फाल्गुनातली असेल तर ७९ मिळवावे लागतात. शनिवारवाड्याचा पाया शके १६५१ च्या माघात, म्हणजे १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला. ७८ मिळवणारा तो १७२९ लिहून बसेल. सुहूर सन, म्हणजे पेशवेकालीन कागदांत येणारी अरबी वळणाची वर्षगणना, दिला असेल तर ५९९ मिळवावे आणि एका वर्षाची ढिलाई धरावी. घराचे माप या कागदांत खणांत येते. खण म्हणजे दोन खांबांमधले अंतर. सागाच्या तुळईची लांबी ते ठरवत असल्याने 'पाच खणी' एवढ्या उल्लेखावरूनही घराच्या आकाराची कल्पना येते.

इंग्रजी अमलासाठी १८८५ चे पुणे जिल्हा गॅझेटिअर हा सर्वांत उपयोगी ग्रंथ आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा हा अठरावा खंड तीन भागांत असून त्यात पुणे शहराचे पेठवार वर्णन आहे. तो आता संगणकावर विनामूल्य वाचता येतो. त्यात आपला वाडा आढळला तर तो तेव्हा उभा होता, हे निश्चित होते. आढळला नाही, तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण मध्यम प्रतीची हजारो घरे त्यात येणे शक्यच नव्हते. त्यानंतर वृत्तपत्रे पाहावीत : १८४९ पासूनचा 'ज्ञानप्रकाश', पुढे 'केसरी', आणि १९३२ पासून 'सकाळ'. बातम्यांपेक्षा जाहिराती आणि लिलावाच्या नोटिसा अधिक बोलतात, कारण त्यांत पत्ता अचूक लिहावाच लागे.

आता कारणाचा प्रश्न. पेठांतील वास्तू एकाच लाटेत गेल्या नाहीत, आणि आपली वास्तू कोणत्या लाटेत गेली हे ठरवल्याशिवाय टिपण पूर्ण होत नाही. आग ही जुनी शत्रू. लाकडी सांगाडा असलेल्या शहरात दुसरे काय अपेक्षित असणार? शनिवारवाडा २७ फेब्रुवारी १८२८ रोजी पेटला आणि आत जोत्यांखेरीज फारसे काही उरले नाही. बुधवारवाडा मे १८७९ मध्ये जळाला. पाणी ही दुसरी लाट : १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या शनिवार, नारायण व लगतच्या पेठांतील मातीविटांची घरे भिजून बसली. अशा घरातील कुटुंबांचे पुढचे पत्ते लोकमान्यनगर, गोखलेनगर अशा वसाहतींत सापडतात, म्हणून कुटुंबाकडून माहिती हवी असेल तर शोध पेठेबाहेर न्यावा लागतो. रस्तारुंदी ही तिसरी. लक्ष्मी रस्त्यासारख्या ठिकाणी समोरचे दोन-तीन खण कापले जाऊन नवे दर्शनी तोंड बांधले गेले, त्यामुळे इमारत समोरून पाहून तिचे वय ठरवू नये. बाजूच्या बोळात शिरून मागची भिंत पाहावी.

तरीही सर्वाधिक वाडे आगीने किंवा पुराने गेले नाहीत, तर हळूहळू गेले. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकाला डागडुजी परवडेना, भाडेकरूला जागा सोडवेना, वारस वाढत गेले, पावसाळ्यात एक भिंत खचली, महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली, आणि अखेर चटईक्षेत्राच्या, म्हणजे त्या जागेवर किती बांधकाम करता येईल याच्या, हिशेबात सर्वांचेच एकमत झाले. या क्रमात कोणा एकाला दोषी धरून लिहिणे सोपे असते, पण कागद पाहिले की ते सहसा टिकत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये जिथे मुलींची शाळा सुरू केली तो बुधवार पेठेतील भिडे वाडाही भाडेकरूंच्या दीर्घ न्यायालयीन वादानंतर, राष्ट्रीय स्मारकासाठी, डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला. म्हणजे स्मरणासाठीसुद्धा वास्तू पाडली जाते, आणि तिची नोंद करताना हे कारण वेगळे लिहावे.

तोंडी माहिती जरूर घ्यावी, पण ती घेण्याची रीत असते. 'तुमचा वाडा किती जुना?' असे विचारले की 'पेशव्यांच्या काळातला' हे उत्तर ठरलेले असते. त्याऐवजी दिंडी दरवाजातून आत आल्यावर उजव्या हाताला काय होते, नळ कोणत्या चौकात होता, पुराचे पाणी कितव्या पायरीपर्यंत आले, माजघरात उजेड कोठून येई, असे विचारावे. माणसे साल विसरतात, पायऱ्या विसरत नाहीत. उत्तरांवरून तळमजल्याचा कच्चा आराखडा काढून तो त्यांच्यासमोर धरावा. दोन भावंडे त्यावरून भांडू लागली की खरी माहिती बाहेर येते. छायाचित्रे आता मागावीत : मुंजीची, लग्नाची, गणेशोत्सव मंडळाच्या स्मरणिकेतली. त्यांत माणसांच्या मागे काय आहे ते पाहायचे असते. सुरूच्या झाडासारखा निमुळता खांब आणि वर केळफुलाची कोरणी दिसली तर पेशवाई धाटणी समजावी; ओतीव लोखंडी कठडा आणि मंगलोरी कौले दिसली तर निदान तो भाग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला किंवा त्यानंतरचा.

शोधत असलेल्या वाड्याच्या शेजारी एखादा वाडा अजून उभा असेल, आणि त्याच्यावर पाडकामाचे हिरवे जाळे चढलेले दिसले, तर कागद बाजूला ठेवून त्याच दिवशी तेथे जावे. मालकाची परवानगी घेऊन चौकाचे माप, खणांची संख्या, जोत्याची उंची आणि विटेची जाडी लिहून घ्यावी, कडीपाटाचे, म्हणजे लाकडी छताचे, खालून छायाचित्र घ्यावे, कारण तुळयांवर सुतारांच्या खुणा असू शकतात. पाडकाम घेणाऱ्यालाही एक प्रश्न विचारावा : लाकूड कोणी घेतले? वाड्याचा साग वाया जात नाही. त्याचे दरवाजे शेतघरांना लागतात, कोरीव तुकडे मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी मांडलेले दिसतात, आणि क्वचित एखादी वास्तू अधिक नशीबवान ठरते. कोथरूडच्या मस्तानी महालाचे भाग शुक्रवार पेठेतील राजा केळकर संग्रहालयात पुन्हा उभे केलेले आहेत. आपल्या टिपणाच्या शेवटी, मिळकत क्रमांक आणि पाडल्याची तारीख यांच्या खाली, लाकूड कोठे गेले त्यासाठी एक ओळ मोकळी ठेवावी.