डिस्क बसवल्या, पेडल दगड झालं: ब्लीडर उघडण्याआधीची तयारी

जुन्या गाडीचे ड्रम ब्रेक काढून पुढे डिस्क बसवल्या आणि ब्रेकचं पेडल कडक लागलं, की हात आधी ब्लीडरकडे, म्हणजे लायनीतली हवा काढायच्या स्क्रूकडे जातो. तो आवरा. लायनीत हवा असेल तर पेडल स्पंजासारखं दबतं. पाय वरच अडतोय आणि गाडी थांबत नाही, तर हवेचा दोष नाही; कितीही ब्रेक ऑइल काढलंत तरी फरक पडणार नाही. व्हॅक्यूम गेज, टी-जोड, स्टीलपट्टी, व्हर्निअर आणि लिंबाएवढी प्लास्टिसिन गोळा करा. चाकं उचलायची तर जॅकवर विसंबू नका, खाली स्टँड हवेतच.

बूस्टर (इंजिनाच्या व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा डबा) असेल तर इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा मारा, दाबून धरा आणि स्टार्टर द्या. पेडल पायाखाली किंचित खाली सरकायला हवं. नाही सरकलं तर गेज बूस्टरच्या टोकाला लावा, मॅनिफोल्डला नको, कारण चेपलेला पाइप किंवा उलटा बसवलेला चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) मधेच असतो. आयडलला पाऱ्याचे 18 इंच व्हॅक्यूम मिळाले तर उत्तम. 15च्या खाली बूस्टर नुसतं ओझं. जास्त ताकदीसाठी ‘हॉट’ कॅम (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा) घातलेल्या इंजिनात हे हमखास होतं. तिथे नवा बूस्टर आणून उपयोग नाही, इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप लागतो.

बूस्टर नसेल तर पट्टी काढा. पेडलच्या पिव्हटपासून पाय ठेवायच्या पॅडच्या मध्यापर्यंत 300 मिमी आणि पुशरॉडच्या (पेडलचा जोर पुढे ढकलणाऱ्या दांड्याच्या) पिनपर्यंत 50 मिमी, म्हणजे 6:1, हे चालतं. पिन 75 मिमीवर असेल तर 4:1, ते माप बूस्टरवाल्या गाडीचं. ड्रमचा पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आवळत जातो. डिस्कमध्ये ती फुकटची मदत नाही, सगळा दाब पायानेच द्यायचा. म्हणून मास्टर सिलिंडरचा (पायाचा जोर ऑइलच्या दाबात बदलणाऱ्या सिलिंडरचा) बोअर, म्हणजे आतला व्यासही मोजा. सव्वा इंच तर नकोच, पण 1⅛ ऐवजी 1 इंच घातला तरी त्याच पायाला सुमारे 27 टक्के जास्त दाब मिळतो. पेडल थोडं जास्त खाली जाईल, तेवढं सोसावं.

थंड असताना ठीक आणि काही किलोमीटरनंतर पेडल वर चढून चाकं जाम, असं होत असेल तर संशय पुशरॉडवर. बूस्टरच्या रॉडच्या टोकाला प्लास्टिसिनचा गोळा लावा, मास्टर सिलिंडर नटांनी आवळा, परत काढा. चेपलेल्या गोळ्याची जाडी म्हणजे फट, ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हवी. गोळा पूर्ण चिरडून धातू दिसला तर रॉड लांब आहे. पिस्टन मागे येत नाही, परतीचं छिद्र झाकलेलं राहतं आणि गरम ऑइल आत कोंडतं. जुना ड्रमचाच मास्टर सिलिंडर ठेवला असेल तर त्यातला 10 पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्हही (पाय काढल्यावरही लायनीत थोडा दाब राखणारा) डिस्क घासत ठेवतो. डिस्कला फार तर 2 पीएसआय.

आता ब्लीडर उघडा, पण प्रवाह बघायला. एका चाकाला धार आणि दुसऱ्याला नुसते थेंब आले, तर थेंबवाल्या चाकाचा रबरी होज बहुधा आतून फुगलाय, बाहेरून कितीही नवा दिसो. ऑइल रंगावर सांडू देऊ नका, रंग उचलतो.