ट्राय बाइक घेण्याआधी आणि घेतल्यावर: गोव्यातल्या सायकलस्वारांसाठी तयारीची यादी

ट्राय बाइक म्हणजे ट्रायथलॉनसाठी, पोहणं-सायकल-धावणं अशा सलग शर्यतीसाठी, बनवलेली सायकल. तिच्या पुढे कोपरं टेकवून वाकायला एरोबार, म्हणजे पुढे निघालेले दोन दांडे असतात. दुकानाची पायरी चढण्याआधी कोणती शर्यत करायची ते ठरवा. मिरामारला २०१९ साली पहिल्यांदा झालेल्या आयर्नमॅन ७०.३ सारखी शर्यत डोळ्यांसमोर असेल, म्हणजे १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं, तर ट्राय बाइकचा विचार रास्त आहे. तिथे दुसऱ्याच्या आडोशाने चालवायला बंदी असते. पुढच्या सायकलपासून १२ मीटर अंतर ठेवायचं आणि वाऱ्याशी ज्याचं त्याने झुंजायचं. ऑलिंपिकमधली १.५-४०-१० किलोमीटरची शर्यत मात्र घोळक्याने चालवतात, तिथे ही सायकल चालतच नाही, रोड बाइकच लागते. रविवारी सकाळी ग्रूपबरोबर ओल्ड गोव्यापर्यंत जाऊन यायचं, एवढाच बेत असेल तरी ती घेऊ नका. एरोबारवर हात असताना ब्रेक हाताशी नसतो, आणि घोळक्यात अशी सायकल घालणं हा सगळ्यांच्याच जिवाशी खेळ आहे.

घरात चांगली रोड बाइक असेल तर पहिल्या हंगामात तिलाच वरून जोडायचे क्लिप-ऑन एरोबार लावा. कोपरं टेकवून तासभर मान वर धरता येते का, पाठ काय म्हणते, हे त्यातून कळतं. तेही जमलं आणि आवडलं, तरच पुढचा खर्च. फरक मुख्यतः बैठकीचा आहे. रोड बाइकच्या सीटट्यूबचा (सॅडलखालच्या नळीचा) कोन साधारण ७३ अंशांच्या आसपास असतो, ट्राय बाइकचा ७६ ते ८०. बसणारा त्यामुळे पेडलच्या बराच पुढे सरकतो आणि खाली वाकला तरी गुडघे पोटात येत नाहीत, श्वास कोंडत नाही. डॅन एम्पफील्ड यांनी १९८९ मध्ये क्विंटाना रू कंपनीची ‘सुपरफॉर्म’ बनवली ती याच विचाराने. त्याच वर्षी ग्रेग लेमाँडने ट्रायथलॉनवाल्यांकडून उचललेला एरोबार लावून टूर दि फ्रान्स अवघ्या ८ सेकंदांनी जिंकली. बाकी सगळी चकचकीत कलाकुसर नंतरची.

म्हणून यादीत फ्रेमच्याही आधी फिटिंग येतं, म्हणजे अंगाच्या मापाने बैठक ठरवून घेणं. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो, आणि त्यातला मोठा वाटा सायकलीचा नसून तुमच्या अंगाचा असतो. आधी फिटिंग करून घ्या आणि स्टॅक आणि रीच (फ्रेमची उंची आणि पुढची लांबी) हे दोन आकडे वहीत लिहून ठेवा. मगच मॉडेल शोधा. एका कंपनीचं मीडियम दुसऱ्या कंपनीच्या स्मॉलएवढं निघतं, नुसत्या साइझच्या अक्षरावर पैसे मोजू नका. फिटिंग करणाऱ्याला दोन गोष्टी आठवणीने विचारा. एक, क्रँक (पेडलचा दांडा) १६५ मिलिमीटरची चालेल का? आखूड क्रँकने मांडी आणि पोट यांच्यातली जागा आणखी मोकळी होते, आणि आपल्याकडच्या बेताच्या उंचीच्या लोकांना तिचा फायदा होतो. दोन, सॅडल कुठलं? एरो पोझिशनमध्ये भार मागच्या हाडांवरून पुढे सरकतो, म्हणून पुढून आखूड किंवा दुभंगलेलं सॅडल लागतं. फ्रेमबरोबर आलेलं सॅडल निमूट सहन करायचं नसतं. बधिरपणा आला की ते बदला. बायकांनी तर यात मुळीच तडजोड करू नये.

आता फ्रेम. माझं मत ठाम आहे: गोव्यात राहणाऱ्याने सर्वांत वेगवान फ्रेमच्या मागे न लागता दुरुस्त करता येईल अशी फ्रेम घ्यावी. अनेक ट्राय बाइकचा सीटपोस्ट म्हणजे सॅडलचा खांब, तो आवळणारा क्लँप, हँडल धरणारा स्टेम, पुढची पाण्याची टाकी, सगळं त्या एकाच मॉडेलचं असतं. क्लँपची पाचर तुटली तर म्हापशातच काय, मुंबईतही सहज मिळत नाही आणि ऐन शर्यतीच्या महिन्यात सायकल भिंतीला टेकून राहते. खरेदीच्या दिवशीच जादा डिरेलर हँगर (मागचं गिअरयंत्र लटकवायचा तुकडा), क्लँपची जादा पाचर आणि एरोपॅडचे जादा बोल्ट मागून घ्या. सगळ्या केबल हँडलच्या आतून गेलेल्या असतील तर हेडसेटचं, म्हणजे हँडल वळतं त्या सांध्याचं, साधं बेअरिंग बदलायलाही हायड्रॉलिक ब्रेक सोडवून पुन्हा ब्लीड करावे लागतात (आतल्या तेलातली हवा काढावी लागते). ते काम करणारा मेकॅनिक तुमच्या आवाक्यात आहे का, ते आधी पाहा. ब्रेक डिस्कचेच घ्या. पावसात ओल्या कार्बन रिमवर रिमब्रेक उशिरा धरतो, आणि जुन्या ट्राय बाइकमध्ये तो फोर्कच्या मागे किंवा बॉटम ब्रॅकेटखाली (क्रँकच्या आसाखाली) असा दडवलेला असतो की नीट लावायला अर्धा दिवस जातो. जुनी सायकल घेत असाल तर सीटपोस्ट वरखाली होतो का ते स्वतः करून बघा. समुद्राकाठी वर्षानुवर्षं न हललेला पोस्ट आत धरून बसतो. बॉटम ब्रॅकेटच्या भोवती आणि चेनस्टेवर (तिथून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांवर) टॉर्च मारून बारीक चिरा शोधा.

चाकांच्या बाबतीत फोटोंना भुलू नका. मागचं चाक खोल रिमचं असलं तरी बिघडत नाही, पण पुढचं चाक वाऱ्यात हँडल ओढतं. मिरामार ते दोनापावल रस्त्यावर सकाळी सातला सगळं शांत असतं, आणि दुपारकडे समुद्रावरचं वारं सुटलं की इमारत संपून मोकळी जागा लागताक्षणी एकदम बाजूने धक्का बसतो. माडांच्या रांगेचा आडोसा धरू नका, वारं बुंध्यांमधून सरळ येतं. हलक्या वजनाच्या माणसाने पुढे ४० ते ५० मिलिमीटर खोलीच्या रिमवर जाऊ नये. टायर २८ मिलिमीटरचा बसत असेल तर तोच घाला. चवथीच्या दिवसांत रस्त्यांची काय दशा असते ते आपल्याला ठाऊक आहे.

पहिले काही आठवडे वेग विसरा, फक्त हात हलवायला शिका. या सायकलवर ब्रेक बेसबारवर, म्हणजे बाहेरच्या आडव्या हँडलवर, असतो आणि गिअर बहुधा एरोबारच्या टोकाला. गाय आडवी आली की आधी हात बाहेर आणायचा, मग ब्रेक, आणि तेवढ्यात सायकल कितीतरी पुढे गेलेली असते. हे मोकळ्या मैदानात किंवा रिकाम्या पार्किंगमध्ये घोटवा: एक हात बेसबारवर, मग दुसरा, नजर समोर, खांदे सैल. दोन्ही हात एकदम उचलू नका. मग रस्त्यांची वाटणी करा. पणजी-रायबंदर कॉजवेवर पहाटे एरोबारवर वाका, पण रायबंदर गावात घरांचे उंबरे रस्त्याला लागलेले, बससाठी उभी माणसं, समोरून कदंबा बस, शेजारून सायकलवरचा पोदेर (पाववाला), तिथे हात बेसबारवरच. पाहुण्यांच्या भाड्याच्या स्कूटर दिसल्या की तसंच. बांबोळीच्या चढावर एरोबारचा उपयोग नाही, उतारावर तर मोह टाळाच.

गतिरोधकांसाठी वेगळी तयारी लागते. सॅडलच्या मागे लावलेल्या पिंजऱ्यातली बाटली गतिरोधकावर उडून मागच्याच्या चाकाखाली जाते. पिंजरा घट्ट पकडीचा घ्या, त्याला रबराचा पट्टा लावा, आणि पिण्याची मुख्य बाटली दोन हातांच्या मधे आडवी बसवा. तिथून नळीने किंवा हात लांब न करता पिता येतं, म्हणून माणूस पितो. गोव्याच्या दमट हवेत हे महत्त्वाचं आहे, कारण घाम वाळत नाही, नुसता गळतो, आणि तहान लागेपर्यंत उशीर झालेला असतो. पाण्यात मीठ किंवा इलेक्ट्रोलाइट घालून त्याच बाटलीने सराव करा, शर्यतीला वेगळं काही नको. अंधारात निघायचं तर दिव्याचीही अडचण येते: चपट्या सीटपोस्टवर नेहमीचा गोल क्लँप बसत नाही. रबरी पट्ट्याचा मागचा दिवा घ्या आणि एक हेल्मेटवर लावा. खोल रिमसाठी लांब व्हॉल्व्हच्या ट्यूब किंवा एक्स्टेंडर लागतात. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याकडे त्या नसतात, दोन स्वतःजवळ ठेवा. ट्यूबलेस असेल तर आतलं भोक बुजवणारं सीलंट आपल्या उकाड्यात लवकर सुकतं, दोन महिन्यांनी उघडून बघा.

यानंतरचं सगळ्यात मोठं काम घामाचं आणि खाऱ्या हवेचं. ऑक्टोबरातल्या लांब राइडनंतर एरोपॅड उचलून बघा. वेल्क्रोच्या कडेला पांढरी पूड, बोल्टच्या षटकोनी खाचेत ओलसर मीठ साचलेलं, आणि ॲल्युमिनियमच्या वॉशरभोवती भुरकट फुगवटा. हा फुगवटा महिनाभर तसाच राहिला तर एलन की खाचेत फिरते पण बोल्ट फिरत नाही, आणि शेवटी ड्रिल करून काढावा लागतो. घाम दंडावरून कोपरात, कोपरातून पॅडखाली आणि तिथून सरळ हेडसेटवर उतरतो. म्हणून घरी पोचल्यावर अंघोळीआधी सायकल: गोड्या पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं पॅड, स्टेम आणि टॉपट्यूबवरून फिरवा, मग कोरडं फडकं. प्रेशरची नळी नको, पाणी बेअरिंगमध्ये शिरतं. महिन्यातून एकदा हे बोल्ट एकेक करून काढा, पुसा, आट्यांना ग्रीस लावा आणि टॉर्क रेंचने शेजारी छापलेल्या आकड्याएवढेच आवळा, बहुतेक ठिकाणी तो ५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. कार्बन सीटपोस्टला ग्रीस लावू नका, त्याला पकड देणारी कार्बन पेस्ट. जून ते सप्टेंबर सायकल घरात ट्रेनरवर (जागेवरच चालवायच्या स्टँडवर) असते तेव्हा ती सुरक्षित आहे असं वाटतं, पण वारा नसल्याने सर्वांत जास्त घाम तेव्हाच तिच्यावर पडतो. जाड टॉवेल हँडलपासून सीटपोस्टपर्यंत बांधा आणि पंखा समोर ठेवा. ट्रेनरला तुमचा थ्रू-ॲक्सल (चाकाचा आरपार जाणारा आस) बसतो का तेही पावसाआधी तपासा.

बाहेरगावच्या शर्यतीला रेल्वेने किंवा विमानाने न्यायची असेल तर निघण्याआधी घरी दोनदा खोलून जोडून बघा. सीटपोस्टची उंची, पॅडची जागा, एरोबारची लांबी यांवर रंगीत टेपच्या खुणा करा आणि फोटो काढा. इलेक्ट्रॉनिक गिअरच्या काढता येणाऱ्या बॅटऱ्या प्रवासात काढून ठेवा, नाहीतर हादऱ्यांनी जाग्या राहून उतरतात. टायर फुगवायच्या गॅसच्या काडतुसांसाठी विमान कंपनीची परवानगी लागते. ती पोचल्यावर विकत घेणं सोपं.

शर्यतीच्या आठवड्यात नवं काही लावू नका, चेनसुद्धा नाही. सायकल आदल्या दिवशी ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे पोहून आल्यावर ती घ्यायच्या जागी, उभी करायची असते. ऊन तापतं, म्हणून टायरमधली थोडी हवा सोडून ठेवा. रात्रभर दव पडतं, म्हणून चेनचं तेल आणि एक कोरडं फडकं सकाळच्या पिशवीत असू द्या. पहाटे हवा भरा, चाकं फिरवून रोटर (ब्रेकची चकती) घासत नाही ना ते ऐका, दोन्ही ब्रेक दाबा, बॅटरीचा दिवा बघा, बाटल्या भरा आणि गिअर हलक्यावर ठेवा. पाण्यातून बाहेर आल्यावर डोकं थोडं गरगरतं आणि हात ओले असतात, तेव्हा पहिली काही मिनिटं बेसबारवरच चालवा, दोन घोट पाणी प्या, गर्दी मागे पडू द्या आणि मगच कोपरं टेकवा.