पहिली फुल मॅरेथॉन धावताय? या चुका टाळा

मुंबई मॅरेथॉन असते जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, आणि तिच्यासाठी नाव नोंदवलेले बहुतेक जण जुलै-ऑगस्टात तयारीला लागतात. दिवाळीपर्यंत सगळं छान चाललेलं असतं. मग रनिंग ग्रुपवर एकेकाचे निरोप यायला लागतात: नडगी दुखतेय, सकाळी टाच टेकवत नाही, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ येते. या दुखण्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते. दम दोन-तीन महिन्यांत वाढतो. हाडं आणि स्नायूंना हाडाशी बांधून ठेवणाऱ्या कंडरा बळकट व्हायला त्याहून खूप जास्त वेळ लागतो. छाती पुढे निघून जाते आणि पाय मागे राहतात. खालच्या बऱ्याचशा चुका या घाईतूनच होतात.

रोजचं धावणं शर्यतीसारखं

हौशी धावपटूची ही सगळ्यात मोठी चूक. फुल मॅरेथॉन पाच तासांत पूर्ण करायची असेल तर पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, पडतो साधारण 7 मिनिटं 6 सेकंद. मग रविवारची लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सगळ्यात लांब धाव, पावणेआठ-आठच्या पेसने धावायला हवी. पण सोबतचे पुढे जातात, धावणं नोंदवणाऱ्या स्ट्रावा ॲपवर आकडा दिसणार असतो, आणि पाय आपोआप उचलले जातात. ओळखायची खूण सोपी आहे: शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे. आठवड्यातला एखादाच दिवस जोरात धावण्यासाठी ठेवा.

आठवड्याचे एकूण किलोमीटर दहा टक्क्यांच्या आसपास वाढवावेत, हा अंदाज म्हणून ठीक आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दर चौथ्या आठवड्यात अंतर पाव हिश्श्याने कमी करणं. गणपतीत किंवा दिवाळीत राहिलेले किलोमीटर पुढच्या आठवड्यात वसूल करायला जाऊ नका, ते गेले ते गेले. लाँग रन 30-32 किलोमीटरच्या पुढे नेण्याची गरज नाही. सावकाश धावणाऱ्यांनी तर साडेतीन-चार तासांवर थांबावं, अंतर कमी भरलं तरी चालेल.

नडगी दुखत असेल तर बोटाने दाबून पाहा. दुखणं चार-सहा इंचांच्या पट्टीवर पसरलेलं असेल आणि धावायला लागल्यावर थोडं सैलावत असेल, तर दोन आठवडे अंतर निम्मं करा, पोटरीचे व्यायाम करा, बहुधा आराम पडेल. पण हाडावर नेमक्या एका बिंदूवर कळ येत असेल, चालताना किंवा रात्री पडल्यापडल्याही ठणकत असेल, तर धावणं त्याच दिवशी बंद करा आणि अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते, आणि सुरुवातीच्या एक्स-रेत ती बरेचदा दिसत नाही.

बुटांच्या बाबतीत

बूट संध्याकाळी घ्यायला जा, कारण दिवसभरात पाऊल थोडं फुगतं, लांब धावताना तर आणखी. जाताना धावायचे मोजे घेऊन जा. दोन्ही पावलं मोजा, एक थोडं मोठं असतंच. माप त्याचं धरा. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे. नखं काळी पडतात ती बहुधा ही जागा नसल्यामुळे, किंवा टाच सैल राहून उतारावर पाऊल पुढे सरकल्यामुळे. टाच सैल वाटत असेल तर लेसच्या सगळ्यात वरच्या, एरवी रिकाम्या राहणाऱ्या भोकाचा उपयोग करा. लेस त्याच बाजूच्या वरच्या भोकात घालून छोटा फासा ठेवायचा, दोन्ही बाजूंना तसंच करायचं, मग प्रत्येक टोक समोरच्या फाशातून ओढून गाठ मारायची. टाच जागेवर बसते आणि वरून आवळावंही लागत नाही.

दुकानात तळव्याचा ठसा पाहून ‘तुमचं पाऊल सपाट आहे, तुम्हाला आधारवालाच बूट लागेल’ असं सांगतात. अमेरिकी सैन्यातल्या प्रशिक्षणार्थींवर हे तपासलं गेलं, आणि तळव्याच्या आकारावरून बूट दिल्याने दुखापती कमी झाल्या नाहीत. माझ्या मते पायात घालून दुकानात किंवा बाहेर शंभर-दोनशे मीटर धावून बघणं हीच खरी परीक्षा. जो बूट कुठेही बोचत नाही, तो तुमचा. मात्र टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक जरूर विचारा. 10 मिलिमीटरची सवय असताना एकदम 4 मिलिमीटरवर आलात तर सगळा ताण पोटरीवर आणि टाचेमागच्या कंडरेवर येतो.

कार्बन प्लेटच्या, म्हणजे तळात कार्बनची ताठ पट्टी बसवलेल्या बुटांबद्दल स्पष्टच सांगतो. 20 हजारांच्या घरातला हा बूट पहिल्या मॅरेथॉनसाठी अजिबात गरजेचा नाही. त्याचा फोम उंच आणि लुसलुशीत असतो, तळ ताठ असतो. घोट्यात पुरेसं बळ नसेल तर थकल्यावर पाऊल डगमगतं. घेतलाच असेल तर शर्यतीसाठी आणि आधीच्या दोन-तीन लाँग रनसाठी ठेवा, रोज घालू नका. त्याच पैशांत साधे, चांगले दोन जोड येतात आणि पावसाळ्यात दोन जोड लागतातच. भिजलेला बूट आतला सोल काढून, वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली ठेवा. दोन तासांनी कागद बदला. कडक उन्हात, हीटरसमोर किंवा ड्रायरमध्ये टाकू नका, उष्णतेने चिकटवलेला सोल सुटतो. साधारण 500 ते 800 किलोमीटरनंतर जोड बदलायला येतो. मॅरेथॉनच्या आदल्या दिवशी एक्स्पोत, म्हणजे शर्यतीआधीच्या प्रदर्शनात घेतलेला नवा बूट मात्र रविवारी पायात नको.

सुती मोजे आणि सुती टी-शर्ट घाम धरून ठेवतात. त्यातून फोड येतात, आणि काखा, जांघा, पुरुषांची स्तनाग्रं सोलवटतात. कृत्रिम धाग्याचे कपडे आणि निघण्यापूर्वी पेट्रोलियम जेली, एवढ्याने हा प्रश्न सुटतो. बायकांनी बुटांइतकाच वेळ स्पोर्ट्स ब्रा निवडायला द्यावा. पट्टा बरगड्यांवर घट्ट हवा पण श्वास अडता कामा नये, आणि ब्राही लाँग रनवर घालून पारखलेली असावी.

पाणी, मीठ आणि पोट

शरीरात साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांचा साठा, साधारण 1,600 ते 2,000 कॅलरी पुरवतं. 65 किलोच्या माणसाला 42 किलोमीटरला सुमारे 2,700 लागतात. चरबीतून काही मिळतं, पण सावकाश. म्हणून तीसेक किलोमीटरनंतर पाय शिशाचे होतात. भूक लागेपर्यंत थांबू नका. पाऊण तासापासूनच तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं जातील असं बघा. धावताना खायचं पाकिटातलं एनर्जी जेल घेतलं तर त्यावर साधं पाणी प्या, नाहीतर मळमळतं. जेल मानवत नसेल तर खजूर, चिक्की, उकडलेलं रताळं चालतं. जे काही घ्याल ते लाँग रनवर आधी घेऊन बघा.

ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्याचं असेल तर ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत रिकामं करू नका. द्रावण दाट होतं, पोटात ढवळतं. आणि भीतीपोटी वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर ढसाढसा साधं पाणी पिणंही घातक आहे, रक्तातलं सोडियम पातळ होतं. तहान लागेल तसं घोट-घोट प्या. शेवटच्या दोन दिवसांत वरणभात, पोहे, इडली भरपूर खा. उसळी आणि कच्च्या कोशिंबिरी सोमवारपर्यंत थांबू शकतात.

मुंबईच्या त्या सकाळी

पुण्या-नाशिककडची मंडळी डिसेंबरच्या थंडीत धावून पेस ठरवतात आणि मुंबईच्या दमट हवेत तोच धरू बघतात. पहिले पाच-सहा किलोमीटर ठरलेल्या पेसपेक्षा 10-15 सेकंद हळू जा. पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, थकल्यावर भेटतो. तिथे छोटी पावलं टाका, चालावं लागलं तर चाला. उंच इमारतींमध्ये घड्याळाचा जीपीएस चुकतो, तेव्हा रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाट्यांवर भरवसा ठेवा.

दुखू नये म्हणून आधीच आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेण्याची पद्धत फार पसरली आहे. कृपा करून हे करू नका. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

पोटरीत गोळा आला तर थांबा, चवडा स्वतःकडे ओढून धरा, मग हळूहळू चालायला लागा. चक्कर येऊ लागली, छातीत दुखलं, किंवा घामाच्या धारा असूनही थंडी वाजू लागली, तर जवळच्या वैद्यकीय केंद्रात जा. आणि शेजारी धावणारा कुणी झोकांड्या खाताना दिसला, नाव विचारल्यावर भलतंच उत्तर देऊ लागला, तर त्याला सावलीत आणा, डोकं, मान आणि काखांवर बर्फ किंवा गार पाणी ठेवा आणि स्वयंसेवकाला हाक मारा. भान नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, आणि मदत पोचेपर्यंत त्याला सोडून जाऊ नका.