ग्लूटेन-फ्री बिअरचं परीक्षण: ज्वारीची धार, टेबलावरची शिस्त आणि नवख्यांसाठी थोडं स्पष्ट

बिअरचे परीक्षक घडवणाऱ्या बीजेसीपी या संस्थेची ऑनलाइन परीक्षा झाली आहे, स्टाइल गाइडलाइन्स बऱ्यापैकी पाठ आहेत, एक-दोन स्पर्धांत स्टुअर्ड म्हणून बाटल्या उघडून झाल्या आहेत, आणि आता को-ऑर्डिनेटर विचारतोय, "३१-ए घेशील का? त्या टेबलाला माणसं मिळत नाहीत." इथवर पोचलेल्यांसाठी हे लिहिते आहे. आयपीएच्या (हॉप्स ही कडवट, सुगंधी फुलं भरपूर घातलेल्या बिअरच्या) टेबलासाठी सगळे रांगेत असतात. पर्यायी धान्यांच्या, म्हणजे ३१-ए गटाच्या, टेबलावर बहुतेकदा नवखे बसवले जातात आणि ज्या बिअरला सर्वांत जास्त समजूतदार परीक्षक हवा, तिला सर्वांत कमी तयारीचा मिळतो. मला याचा राग येतो. माझ्या नवऱ्याला सीलिॲक आहे, म्हणजे गहू-बार्लीतलं ग्लूटेन हे प्रथिन त्याच्या शरीराला सोसत नाही; घरातला फ्रीज याच बाटल्यांनी भरलेला असतो, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता छंदाचा नाही.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या, कारण अनुभवी लोकही इथे गोंधळ घालतात. मुळात ग्लूटेन नसलेल्या धान्यांची बिअर वेगळी आणि बार्लीची बिअर करून नंतर ग्लूटेन कमी केलेली वेगळी. मी अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये राहते आणि या शहरात दोन्ही पंथ शेजारी शेजारी वाढले. ग्राउंड ब्रेकर ही ब्रुअरी, जिचं आधीचं नाव हार्वेस्टर होतं, तिनं चेस्टनट आणि मसूर वापरून बिअर केली. ओमिशन ही बिअर २०१२ मध्ये आली ती बार्लीच्याच माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची), फक्त त्यात एन्झाइम घालून. गाइडलाइन्स याबाबत स्वच्छ आहेत. पूर्ण ग्लूटेन-फ्री घटकांची बिअर ३१-एमध्ये येऊ शकते, प्रक्रियेनं ग्लूटेन काढलेली बिअर तिच्या मूळ स्टाइलच्या गटात जाते. म्हणजे असा पेल एल इतर पेल एलच्या रांगेत बसतो आणि त्याला तीच मोजपट्टी लागते. 'बिचाऱ्यानं ग्लूटेन काढलंय' म्हणून दोन गुण वाढवायचे नाहीत आणि कमीही करायचे नाहीत.

हे एन्झाइम म्हणजे ॲस्परजिलस नायजर या बुरशीपासून मिळवलेलं प्रोलिल एंडोपेप्टिडेज. ब्रुअर त्याला क्लॅरेक्स किंवा क्लॅरिटी फर्म म्हणून ओळखतात. ते मुळात बाजारात आलं बिअर थंड केल्यावर येणारा गढूळपणा घालवायला. गढूळपणा करणारी प्रथिनं प्रोलिन या अमिनो आम्लापाशी तुटतात, आणि ग्लूटेनमध्येही प्रोलिन भरपूर, म्हणून दुसरा उपयोग सापडला. चवीत फरक जवळजवळ पडत नाही. त्यामुळे 'ग्लूटेन-रिड्यूस्ड ओळखायची कशी' हा प्रश्न मला जेव्हा विचारला जातो, तेव्हा उत्तर एकच असतं: जिभेनं ओळखता येत नाही. स्कोअरशीटवर ग्लूटेनबद्दल एक शब्दही लिहू नका. "सीलिॲक रुग्णांसाठी उत्तम पर्याय" असं एका परीक्षकानं खरोखर लिहिलेलं मी पाहिलं आहे. असं लिहिणं धोक्याचं आहे.

का, तेही सांगते. ग्लूटेन-फ्री म्हणवण्यासाठी २० पीपीएम (दहा लाखांत २० भाग) ही मर्यादा अमेरिकेत, युरोपात आणि आपल्या एफएसएसएआयकडेही आहे. पण आंबवलेल्या पदार्थात ग्लूटेनचे तुकडे झालेले असतात आणि ते किती उरले हे नेमकं मोजणारी खात्रीची पद्धत नाही, अशी अमेरिकेच्या एफडीएची भूमिका आहे. म्हणून २०२० च्या नियमानुसार आंबवण्यापूर्वीच घटक ग्लूटेन-फ्री असावे लागतात. बार्लीच्या बिअरवर अमेरिकेत फक्त 'ग्लूटेन काढण्यासाठी प्रक्रिया केली' अशा अर्थाचं लिहिता येतं, तेही इशाऱ्यासह. युरोपात मात्र २० पीपीएमखाली मोजमाप आलं की तीच बिअर ग्लूटेन-फ्री म्हणून विकता येते. स्पेनची दाउरा हे त्याचं ठळक उदाहरण. पुण्या-मुंबईतल्या वाचकांसाठी एवढंच: नाचणीची किंवा ज्वारीची बिअर असं फळ्यावर लिहिलं असलं तरी त्यात बार्लीचा माल्ट आहे का हे विचारल्याशिवाय सीलिॲक असलेल्या माणसाच्या हातात ग्लास देऊ नका. नाचणी-ज्वारी घातल्यानं बार्ली नाहीशी होत नाही.

टेबलावरची शिस्त यातूनच येते. ३१-एच्या टेबलावर सीलिॲक असलेला परीक्षक बसलेला असू शकतो, आणि बहुतेकदा तोच त्या टेबलावरचा सर्वांत तयार माणूस असतो. ३१-एमध्ये बार्ली आणि ज्वारीची मिश्र बिअरही येते हे विसरू नका. स्टुअर्डला आधीच सांगा की पूर्ण ग्लूटेन-फ्री एंट्रीज वेगळ्या फ्लाइटमध्ये (एकापाठोपाठ चाखायच्या बिअरच्या रांगेत) लावा, ग्लास नवे घ्या, आणि जिभेची चव मोडायला ठेवलेली गव्हाच्या क्रॅकर्सची बशी उचला. ती बशी कुणाच्याच लक्षात येत नाही.

आता मूळ सापळा. यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण मला यातून बाहेर यायला बराच काळ लागला आणि तेवढ्या काळात काही ब्रुअरना माझ्याकडून चुकीचे शेरे गेले.

पांढऱ्या ज्वारीच्या सिरपपासून केलेल्या बिअरला शेवटी एक धार असते. थोडी आंबट, थोडी धातूसारखी, घोट गिळल्यानंतर जिभेच्या कडांवर रेंगाळणारी. बार्लीवर तयार झालेल्या जिभेला ती लागली की डोकं लगेच दोषांच्या यादीकडे धावतं: ॲसिटाल्डिहाइड, लॅक्टो या आंबवणाऱ्या जंतूंचा संसर्ग, नाहीतर भांड्याचं लोखंड. पेन चालतं, "संसर्ग, स्वच्छता तपासा" लिहिलं जातं आणि गुण एकविसाखाली जातात. ज्या माणसानं भांडी तीनदा सॅनिटाइझ करून ती बिअर केलेली असते, तो पुढचे सहा महिने नसलेला जंतू शोधत बसतो.

फरक कुठे आहे तो नीट धरा. ॲसिटाल्डिहाइड आधी नाकाला कळतं, कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास, चव त्यामागून येते. लॅक्टोचा आंबटपणा पहिल्या घोटाच्या सुरुवातीलाच असतो आणि शेवटपर्यंत एकसारखा राहतो. त्याबरोबर अनेकदा बिअर नको तितकी पातळ आणि फसफसती झालेली असते. ज्वारीच्या सिरपची धार उशिरा येते. नाकात जवळपास काही नाही, घोटाची सुरुवात जरा गोडसर, मध्य ठीक, आणि गिळल्यावर धार. लोखंडाची शंका असेल तर बिअरचे दोन थेंब हाताच्या पाठीवर चोळा आणि वास घ्या. लोह असेल तर जुन्या नाण्याचा वास कातडीवर उमटतो. ज्वारीची धार तिथे उमटत नाही. टेबलावर हे करायला लाजू नका, दहा सेकंदांचं काम आहे.

आणि आता सापळ्याची दुसरी बाजू, जी पहिलीपेक्षा वाईट आहे. एकदा ही धार ओळखता आली की प्रत्येक आंबटपणा ज्वारीच्या खात्यावर टाकायची सवय लागते. एका फ्लाइटमध्ये माझे आणि जोडीदाराचे गुण दहाच्या फरकानं आले. टेबलावर दोघांच्या गुणांतला फरक सातच्या आत आणायचा असतो, म्हणून चर्चा सुरू झाली. मी म्हणत होते सिरपची धार आहे, तो म्हणत होता संसर्ग आहे. त्यानं एंट्रीचा कागद माझ्याकडे सरकवला. त्यावर मिलेट माल्ट, बकव्हीट (कुट्टू) आणि तांदळाचा माल्ट होता, सिरपचा पत्ताच नव्हता. पुन्हा वास घेतला तर आंबटपणा नाकातच होता. म्हणून क्रम पाळा: आधी कागद न वाचता वास आणि पहिला घोट, आपली नोंद, मग कागद, मग दुसरा घोट. कागदावर सिरप नसेल तर धारेला सवलत नाही.

सिरपची धार खरी असेल, तरी तिला पूर्ण माफीही द्यायची नाही. तो घटकाचा स्वभाव आहे, पण त्या स्वभावाला सांभाळणं ब्रुअरचं काम. फ्लेवरच्या २० गुणांमध्ये प्रश्न एवढाच विचारा की ती बाकीच्यांना दाबते का. शेऱ्यात नेमकं लिहा: "सिरपची धार शेवटी हॉप्सच्या कडवटपणाशी भांडते. सिरपचा काही भाग मिलेट माल्टनं किंवा राइस सिरपनं बदलून पाहा, कडवटपणा थोडा उतरवा, हॉप्स उशिरा घाला." ब्रुअरला यातून पुढची बॅच करता येते. "टिपिकल ग्लूटेन-फ्री चव" हा शेरा मात्र मला सहनच होत नाही. तांदूळ, बकव्हीट, चेस्टनट आणि ज्वारी यांची एकच चव असल्यासारखं ते वाक्य आहे.

बाकी धान्यांची ओळख थोडक्यात. मिलेट माल्ट, अमेरिकेत मुख्यतः प्रोसो, बार्लीच्या सर्वांत जवळ जातो, भाजलेला असेल तर छान बिस्किटासारखा. बकव्हीट मातकट आणि दाण्याच्या चवीचा, भरीवपणाही देतो. तांदूळ स्वच्छ, कोरडा. फेस लवकर बसतो कारण फेस धरणारी बार्लीची प्रथिनं इथे नाहीत. अपिअरन्सला मुळात तीनच गुण आहेत, तिथे हात आखडून काही साधत नाही. ही धान्यं शिजवायची तापमानं बार्लीपेक्षा वर असल्यानं ब्रुअर अनेकदा वेगळी एन्झाइम्स घालतो आणि मॅश (धान्य गरम पाण्यात भिजवून त्यातली साखर काढणं) जमला नाही तर बिअर पाणचट किंवा चिकट गोड होते. हा मात्र खरा दोष, स्पष्ट लिहा.

आपल्या लोकांसाठी एक वेगळा इशारा. ज्वारी-बाजरी आपल्या ताटातली, त्यामुळे मिलेटच्या बिअरमध्ये तव्यावरची ओळखीची भाजणी लागली की मन मऊ होतं आणि गुण सैल होतात. उलट सिरपमध्ये भाकरीचा वास शोधायला गेलात तर तो मिळणार नाही, कारण तिथे धान्याचं पीठ उरलेलंच नसतं. घरच्या आठवणींना ५० पैकी एकही गुण नाही. एक फायदा मात्र खरा आहे: ही धान्यं आपल्याला परकी किंवा कमअस्सल वाटत नाहीत. नायजेरियात १९८८ मध्ये बार्ली माल्टच्या आयातीवर बंदी आली तेव्हा तिथल्या मोठ्या ब्रुअरीज ज्वारी आणि मक्याकडे वळल्या, लोकांनी ती बिअर आवडीनं प्यायली. मॉन्ट्रियलच्या ग्लुटेनबर्गनं २०१२ च्या वर्ल्ड बिअर कपमध्ये ग्लूटेन-फ्री गटातली तिन्ही पदकं नेली. दर्जाची मर्यादा धान्यानं ठरत नाही हे यावरून दिसतं.

तयारीचं म्हणाल तर फ्लेवर व्हील पाठ करून काही होत नाही, आणि ॲपवर रेटिंग देऊन तर त्याहून नाही. ब्रूशॉपमधून ज्वारीचं सिरप आणा, कोमट पाण्यात विरघळवून आधी तसंच चाखा. मग त्याची छोटी बॅच करा, हॉप्स अगदी कमी. तयार झाली की तीन ग्लास: एक साधा, दुसऱ्यात लॅक्टिक ॲसिडचे दोन-चार थेंब, तिसऱ्यात सफरचंदाचा वास देणारी स्पाइक कॅप्सूल. कुणाला तरी ग्लास अदलाबदल करायला सांगा आणि डोळे मिटून ओळखा. रोज थोडं. दोन आठवड्यांत जीभ वेगळं करायला लागते, आणि नाही लागली तरी घाबरू नका, काहींना एखादा वास कमीच येतो. आपला कमकुवत वास कोणता हे माहीत असणारा परीक्षक मला जास्त भरवशाचा वाटतो.

टेस्टिंगच्या परीक्षेत ९० मिनिटांत सहा बिअर असतात आणि तिथे ३१-ए समोर येण्याची शक्यता कमी. म्हणून लोक हा अभ्यास टाळतात. टाळू नका. शेवटच्या क्षणाला उत्तर कसं बेतायचं हे शिकवणारे ज्येष्ठ बरेच भेटतील, माझ्या पहिल्या प्रयत्नात मी त्यांच्याच मागे गेले होते आणि हवे तेवढे गुण पडले नाहीत. ते अजून टोचतं. मला खरं शिकवलं ते एका सीलिॲक असलेल्या होमब्रुअरनं, ज्याच्याकडे कुठलीही रँक नाही. तो दहा वर्षं याच बाटल्या पितो, आणि कुठली बिअर दुसऱ्यांदा मागवावीशी वाटते एवढंच तो सांगतो. ओव्हरऑलचे दहा गुण देताना मी अजून तोच प्रश्न विचारते.

आणखी एक मत, पटो न पटो. या गटात आयपीए फार जिंकतात. सिट्रा या हॉप्सचा लिंबूवर्गी वास ज्वारीच्या धारेत मिसळून जातो, सगळं झाकलं जातं आणि परीक्षक खूश. साधा ब्लॉन्ड किंवा हलका लागर उघडा पडतो. त्या ब्लॉन्डला नीट वेळ द्या, ग्लास तळव्यात धरून थोडा गरम होऊ द्या, पुन्हा वास घ्या. फ्लाइटच्या क्रमात तो आयपीएच्या आधी यावा हे को-ऑर्डिनेटरला सांगा. बहुतेक वेळा ऐकतात, कारण त्या टेबलावर बसायला कुणी तयार झालं यातच त्यांचं समाधान असतं.