यादी पाठवण्याआधी: दुबार नावं आणि ओळींचा क्रम

संत्र्याच्या अंबिया बहाराची, म्हणजे त्या हंगामातल्या पिकाची, तोड सुरू झाली की आमच्या ऑफिसातला फोन थांबत नाही. नरखेड, काटोल, कळमेश्वरकडच्या संत्रा बागायतदारांच्या एका गटाचा हिशेब आम्ही नागपुरात बसून ठेवतो. कोणाचे किती कॅरेट आले, याची यादी दर आठवड्याला द्यावी लागते. मागच्या हंगामात आमच्याकडच्या नव्या पोराने एसक्यूएलच्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसकडून यादी मागवणाऱ्या आज्ञेत, सिलेक्टच्या पुढे डिस्टिंक्ट (हुबेहूब सारख्या ओळींतली एकच ठेवणारा शब्द) टाकला, ओळी कमी झाल्या आणि गडी खूश. "झाली ना भाऊ, साफ!" दुसऱ्या दिवशी फोन आला, "काहून जी, माह्या भावाचं नाव कुठी गेलं?" एकाच गावात एकाच नावाचे दोन चुलतभाऊ होते, यादीबरोबर त्यातला एक साफ झाला होता. यादी न तपासता मीच पुढे पाठवली होती, त्यामुळे बोलणी मी खाल्ली. तेव्हापासून यादी काढण्याआधी मी ही तयारी करतो.

कॉम्प्युटर नंतर, आधी कागद. त्यावर एकच वाक्य लिहायचं: या यादीतली एक ओळ म्हणजे काय? एक शेतकरी, की एका शेतकऱ्याचा एक बहार, की एका दिवसाची एक आवक? हे ठरल्याशिवाय 'दुबार' या शब्दाला अर्थच नाही. ज्याने अंबिया आणि मृग दोन्ही बहार धरले, त्याचं नाव बहारवार यादीत दोनदा यायलाच हवं. मोबाइल नंबरावरून माणूस ओळखू म्हणाल, तर बाप-लेक एकच नंबर देतात. नाव, गाव आणि जमिनीचा गट नंबर मिळून बऱ्यापैकी ओळख पटते. सभासद क्रमांक असेल तर उत्तमच.

मग दुबार नोंदी मोजून घ्या, काढू नका. ओळख पटवणाऱ्या कॉलमांवर ग्रुप बाय (सारख्या ओळी एकत्र करणं) आणि हॅविंगमध्ये (त्या एकत्र केलेल्यांवरची अट) काउंट एकापेक्षा जास्त, एवढी क्वेरी पुरते. जे येईल त्यातली दहा-पंधरा नावं मूळ कागदाशी ताडून पाहा. हे कंटाळवाणं आहे, पण चहा घेत अर्ध्या तासात होतं.

बहुतेक वेळा टेबलात दुबार काही नसतंच. ओळी जॉइनमुळे, म्हणजे टेबलं एकमेकांना जोडल्यामुळे, फुगलेल्या असतात. शेतकऱ्याचे तीन गट नंबर आणि दोन आवका असतील आणि तिन्ही टेबलं नुसत्या शेतकऱ्याच्या क्रमांकावर जोडली, तर सहा ओळी पडतात. वर डिस्टिंक्ट लावला की दिसायला यादी ठीक होते, पण त्याच क्वेरीत कॅरेटची बेरीज असेल तर ती तिप्पट झालेली असते आणि कोणाला कळतही नाही. मला तर उगाच टाकलेला डिस्टिंक्ट दिसला की आधी जॉइनवर संशय येतो. जमिनीचा तपशील यादीत दाखवायचाच नसेल आणि फक्त 'याची जमीन नोंदलेली आहे का' एवढंच बघायचं असेल, तर जॉइनऐवजी एक्झिस्ट्स वापरा. ओळी फुगणारच नाहीत. बेरीज हवी असेल तर आवक आधी शेतकरीवार एकत्र करून मग जोडा. सम डिस्टिंक्टच्या वाटेला तर जाऊच नका. सोमवारी चाळीस आणि गुरुवारी चाळीस कॅरेट आले, तर तो दोन्ही चाळीस एकच समजतो आणि शेतकऱ्याचे अर्धे कॅरेट गायब करतो.

डिस्टिंक्ट खरंच लागणार असेल, तर तो कसा वागतो ते पक्कं लक्षात असू द्या. तो पूर्ण ओळीला लागतो, पहिल्या कॉलमला नाही. नावाभोवती कंस घातला म्हणून फक्त नावापुरता चालत नाही, तरी दर वर्षी कोणीतरी तसा कंस घालतोच. रिकाम्या म्हणजे नल किमती तो एकसारख्या धरतो. काउंट डिस्टिंक्टमध्ये (वेगवेगळ्या किमती मोजताना) मात्र नल मोजलाच जात नाही, म्हणून डिस्टिंक्टच्या ओळी आणि हा आकडा जुळले नाहीत तर आधी तिथे बघा. दोन याद्या युनियनने जोडल्यात तर दुबार ओळी आपोआप गळतात. सगळ्या हव्या असतील तर युनियन ऑल लिहावं लागतं.

दिसायला सारखी पण आतून वेगळी नावं हा मराठी याद्यांचा खास रोग. नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा ट्रिमने जाते. पण 'ॲड.' आणि 'अॅड.' डोळ्यांना एकच दिसले तरी पहिल्यात ॲ हे एकच अक्षर आहे, दुसऱ्यात अ आणि वरचा चंद्र अशी दोन. युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशननेही (तीच अक्षरं एका रूपात आणण्याच्या पद्धतीनेही) ते एक होत नाहीत, स्वतः रिप्लेस करावं लागतं. इंग्रजीत भरलेल्या नावांचं उलटं: मायएसक्यूएल ८.० या डेटाबेसच्या मूळ कोलेशनमध्ये (अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणाऱ्या नियमांत) लहान-मोठी लिपी सारखीच धरली जाते, तर पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ती वेगळी. म्हणजे तीच क्वेरी दोन ठिकाणी दोन वेगळे आकडे देते.

एका शेतकऱ्याच्या अनेक नोंदींतली फक्त ताजी हवी असेल, तर रो नंबर (ओळींना क्रमांक देणारं फंक्शन) वापरा: पार्टिशन बायमध्ये कागदावर लिहिलेली ओळख, ऑर्डर बायमध्ये (क्रम सांगण्याच्या भागात) तारीख उतरती, आणि बाहेर फक्त एक नंबरची ओळ. मायएसक्यूएलमध्ये ही सोय ८.० पासून आहे. पोस्टग्रेसमध्ये डिस्टिंक्ट ऑनही चालतो, मात्र त्यातले कॉलम ऑर्डर बायच्या सुरुवातीला यावे लागतात.

टेबलातून ओळी कायमच्या काढायच्या असतील तर बॅकअप घ्या, ट्रान्झॅक्शन (चुकलं तर मागे घेता येईल असा बदल) सुरू करा, डिलीटच्या जागी आधी सिलेक्ट चालवून किती ओळी जाणार ते बघा आणि जाणाऱ्या ओळींना आवकेच्या टेबलातून कोणी धरून ठेवलेलं नाही ना, ते तपासा. मग डिलीट, आणि लगेच युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे दुबार नोंद घेऊच न देणारी अट. नाहीतर पुढच्या आठवड्यात तेच. इथे नल पुन्हा उलटा वागतो. पोस्टग्रेसचा युनिक नेहमीच्या पद्धतीत कितीही नल चालवून घेतो, एसक्यूएल सर्व्हर एकच. त्यामुळे गट नंबर रिकामा ठेवण्याची मुभाच काढून टाकलेली बरी.

आता क्रम. ऑर्डर बाय लिहिला नसेल तर क्रम नाही, इतकं साधं आहे. 'आमच्याकडे तर नेहमी नावानेच येते' यावर विसंबू नका. मायएसक्यूएल ५.७ पर्यंत ग्रुप बाय स्वतःहून क्रम लावायचा, ८.० मध्ये ते बंद झालं आणि अपग्रेडनंतर अनेकांच्या याद्या विस्कटल्या. व्ह्यूच्या (साठवून ठेवलेल्या क्वेरीच्या) आत लिहिलेला ऑर्डर बायही बाहेर टिकेल याची हमी नसते. तो सगळ्यात बाहेरच्या क्वेरीत लिहायचा.

आमचा क्रम गाडीसाठी असतो. गाडी नरखेडहून निघून काटोल, कळमेश्वर करत नागपूरला येते. गंमत अशी की तालुक्याचं नाव उतरत्या क्रमाने लावलं तर नेमका हाच मार्ग येतो. या योगायोगावर आम्ही दोन हंगाम काढले. मग गटात सावनेरचे बागायतदार आले. सावनेर छिंदवाड्याच्या रस्त्यावर, पण उतरत्या क्रमात ते नरखेडच्याही आधी जाऊन बसलं आणि ड्रायव्हरने कागद हातात घेऊन विचारलं, "आधी सावनेर जाऊ काय जी?" तेव्हापासून तालुक्याच्या टेबलात मार्गक्रमांकाचा वेगळा कॉलम आहे. तात्पुरतं काम असेल तर ऑर्डर बायमध्ये केस (कोणत्या तालुक्याला कोणता क्रमांक, हे सांगणारी अट) लिहूनही भागतं.

नावांचा क्रम लावताना ळ तपासा. वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, युनिकोडच्या क्रमांकात मात्र ल आणि व यांच्यामध्ये. त्यामुळे नुसत्या क्रमांकाने लावलेल्या यादीत काळे हे कावळे आणि कासारांच्या आधी येतात. मराठी कोलेशन लावून ही तीन आडनावं चालवून पाहा, लगेच कळतं. आकडे मजकूर म्हणून साठवले असतील तर १० हा २ च्या आधी येईल. तारखा 'दिवस-महिना-वर्ष' अशा मजकुरात असतील तर सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकत्र येतील. दोन्ही ठिकाणी कॉलमचा प्रकारच बदला. रिकाम्या किमती पोस्टग्रेस आणि ओरॅकल चढत्या क्रमात शेवटी टाकतात, मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर सुरुवातीला. नल्स लास्ट लिहिता येत असेल तिथे लिहून टाका. डिस्टिंक्ट असताना सिलेक्टमध्ये नसलेल्या कॉलमवर क्रम मागितला तर पोस्टग्रेस सरळ नकार देतो. बरोबरच आहे, अनेक ओळींची एक झाल्यावर कोणाची तारीख धरायची?

शेवटी, ऑर्डर बायच्या टोकाला सभासद क्रमांक जोडा. तालुका आणि कॅरेट सारखे असलेल्या ओळी आपसांत कशाही येऊ शकतात, आणि पन्नास-पन्नासची पानं पाडताना एखादं नाव दोन्ही पानांवर दिसतं, एखादं कुठेच नाही. पानं पाडून झाली की सगळ्या पानांवरच्या कॅरेटची बेरीज आणि आवकेच्या मूळ टेबलातली, कुठलाही जॉइन न लावलेली बेरीज यांचा ताळा घ्या. एका कॅरेटचाही फरक निघाला तर यादी पाठवायची नाही, फोन कितीही वाजू दे.