मिलान–सान रेमो कशी पाहावी

पहिल्यांदा इटलीतली ही सायकल रेस मी सुरुवातीपासून पाहायला बसलो आणि ऐन शेवटी डुलकी लागली. तुम्ही तसं करू नका. जवळजवळ 300 किलोमीटरचा, सहा-सात तासांचा मामला आहे. पहिले चार तास खुशाल आपली कामं उरका. तुर्किनो घाट हुकला तरी बिघडत नाही.

समुद्रकाठची मेले, चेर्वो, बेर्ता ही टेकाडं आली की टीव्हीसमोर या. त्यानंतरच्या चिप्रेसाच्या चढावर कोण मागे सुटतंय ते बघून ठेवा.

खरी गंमत पोज्जोची, म्हणजे शेवटच्या चढाची. चढ जेमतेम 3.7 किलोमीटर, फारसा उभाही नाही. पण पायथ्याशी जो पहिल्या वीसेकांत नाही, त्याचं नाव खोडून टाका. माथ्यापासून शेवट साडेपाच किलोमीटरवर. 2018 मध्ये निबाली चढावरच निसटला; 2022 मध्ये मोहोरिचने सीट खाली घेऊन उतारावर सगळ्यांना मागे टाकलं. म्हणून उतारावर पाय नाही, ब्रेकवरची बोटं बघा. आणि हेलिकॉप्टरच्या कॅमेऱ्यावर विसंबू नका, वरून अंतराचा अंदाज हमखास चुकतो.